गुडघारोपणानंतरची घरची शुश्रूषा

झिजलेल्या गुडघ्याचे पृष्ठभाग कापून तेथे धातू व प्लॅस्टिकचा कृत्रिम सांधा बसवल्यावर रुग्ण घरी आल्यापासून नेहमीसारखा वावरू लागेपर्यंत घ्यायची काळजी. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये डॉ. चित्तरंजन राणावत यांनी गुडघारोपणाची शस्त्रक्रिया केली, तेव्हा तिची घरोघरी चर्चा झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली.

रुग्णाला शस्त्रक्रियेच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. यानंतरचे यश बरेचसे व्यायामावर ठरते, आणि तेथेच घरच्यांची माया आडवी येते. दुखते म्हणून गुडघ्याखाली उशी सरकवली जाते. रुग्णाला बरे वाटते, पण पाय किंचित वाकलेलाच राहून आखडतो आणि पुढे चाल लंगडी होते. उशी घ्यायचीच तर टाचेखाली घ्यावी, म्हणजे गुडघा सरळ होतो. पाय पूर्ण सरळ होणे हे वाकण्याइतकेच, किंबहुना चालण्यासाठी अधिक, महत्त्वाचे असते. वाकण्याचे पहिले उद्दिष्ट सहसा ९० अंशांचे असते. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर व्यायाम टळत नाही. नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे ठेवतात. तेल चोळून मालिश मात्र जखमेवर करू नये.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. काठी विरुद्ध हातात. सैल पायपुसणी उचलावीत, न्हाणीघरात धरायला दांडा बसवावा, भारतीय संडास असल्यास कमोडची खुर्ची आणावी.

पोटरी दुखून सुजणे (रक्ताची गुठळी), जखमेतून स्राव, ताप किंवा वाढती लाली दिसल्यास त्वरित शल्यविशारदाला कळवावे. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णालय गाठावे. रक्त पातळ ठेवणारे औषध मनाने थांबवू नये. सूज मात्र काही महिने रेंगाळते, व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो, चालताना कधी ‘टक्’ असा आवाज येतो. ही बहुधा काळजीची लक्षणे नसतात.

बहुतेकांचा गुडघा शेवटी ११० ते १२० अंश वाकतो. खुर्चीला, जिन्याला तेवढे पुरते. मांडी घालायला किंवा उकिडवे बसायला पुरत नाही. त्यामुळे पंगतीत टेबल आणि पूजेला स्टूल कायमचे येते.