खिशांतलें पिस्तूल आणि कौंटीची वेस

अमेरिकेंत बिऱ्हाड हलविणारा गृहस्थ टपालखात्याला, बँकेला आणि वीजकंपनीला नवा पत्ता कळवितो. परंतु कोटाआड पिस्तूल बाळगण्याचा परवाना ज्याच्याजवळ आहे, त्याला आणखी एका कचेरीची पायरी चढावी लागते. कॅलिफोर्निया राज्याचेंच उदाहरण घ्यावें. तेथील कायदा सांगतो कीं, घर बदलल्यापासून दहा दिवसांच्या आंत परवानेदारानें तें अधिकाऱ्यास लेखी कळवावें. आणि तो राहत होता म्हणूनच जर एखाद्या कौंटीनें त्यास परवाना दिलेला असेल, तर ती कौंटी सोडल्यावर ९० दिवसांनीं तो परवाना सरतो. माणूस तोच, पिस्तूल तेंच, राज्यही तेंच. असें असतां कौंटीची वेस ओलांडतांच परवान्याचे दिवस कां भरावे?

कौंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा एक विभाग, आणि तिचा प्रमुख पोलीस अधिकारी तो शेरीफ. मुंबईकर श्रोत्यांना शेरीफ म्हटलें कीं पाहुण्यांचें स्वागत करणारे एखादे प्रतिष्ठित नागरिक आठवतील. मूळ पद एकच. इंग्लंडांत ‘शायर’ म्हणजे परगणा आणि ‘रीव्ह’ म्हणजे त्याचा कारभारी. या दोन शब्दांचा पुढें एक शब्द झाला. मुंबईस त्या पदाचा मान तेवढा उरला; अमेरिकेंत मात्र तुरुंग, जप्ती आणि गुन्हेगारांचा पाठलाग हीं सारीं कामें शेरीफच्याच गळ्यांत राहिलीं. आपला जिल्हाधिकारी सरकार नेमतें. तेथील शेरीफ बहुतेक ठिकाणीं लोकांच्या मतांवर निवडून येतो. जिल्ह्यांतला कोण सज्जन, कोण दारूबाज, कोणाचें कोणाशीं वैर, हें त्याला ठाऊक असावें अशी अपेक्षा. ज्याला तो ओळखतो त्याच्यापुरतीच त्याची साक्ष चालणार, हें ओघानेंच आलें.

पहिल्या कायद्यांत परवाना नव्हताच. सन १८१३ मध्यें केंटकी राज्यानें खिशांतलें पिस्तूल, खंजीर आणि काठींत दडविलेली तलवार, म्हणजे आपली गुप्ती, लपवून बाळगण्यास बंदी केली. उघडपणें हत्यार लावून फिरणारा मर्द आणि लपवून फिरणारा दगलबाज, अशी त्या काळची समजूत होती. मात्र त्या बंदींतून एकाला सूट होती : प्रवासास निघालेल्या माणसाला. वाटेंत लुटारू, मुक्काम परका. त्याला खिशांत पिस्तूल क्षम्य होतें. गुप्ती बाळगल्याबद्दल शिक्षा झालेल्या एका इसमाच्या खटल्यांत सन १८२२ मध्यें केंटकीच्या न्यायालयानें हा कायदाच रद्द ठरविला. पुढें सन १८५० च्या राज्यघटनेनें विधिमंडळाला तो अधिकार पुन्हा दिला. टेक्सासच्या सन १८७१ च्या कायद्यानेंही प्रवाशाला वगळलें आणि त्याबरोबर एक चमत्कारिक सवलत ठेविली. गव्हर्नर ज्या कौंटीला सरहद्दीची कौंटी म्हणून जाहीर करील, तेथें ती बंदी लागू नव्हती. म्हणजे घोडा एका ओढ्यापलीकडे गेला कीं कमरेचें पिस्तूल कायदेशीर, आणि अलीकडे आला कीं गुन्हा!

पुढें काळ पालटला. रेल्वे आली, शहरें वाढलीं, आणि सूट मिळणारा प्रवासी हळूहळू संशयास पात्र असा परका झाला. बंदीच्या जागीं परवाना आला. तो द्यावयाचा कोणीं, तर स्थानिक माणसांनीं. जॉर्जियाच्या सन १९१० च्या कायद्याप्रमाणें मनुष्य ज्या कौंटींत राहतो तेथल्या न्यायाधिकाऱ्याकडे त्यानें जावें, शंभर डॉलरांचा जामीनकतबा आणि पन्नास सेंट फी द्यावी, व तीन वर्षांचा परवाना घ्यावा. सन १९११ मध्यें न्यूयॉर्क राज्यानें सिनेटर टिमोथी सुलिव्हन यांचा प्रसिद्ध कायदा केला. सन १९२३ मध्यें कॅलिफोर्नियानें शेरीफला आणि शहरांच्या पोलीसप्रमुखांना अधिकार दिला कीं, अर्जदाराचें शील चांगलें व कारण योग्य वाटल्यास त्यांनीं परवाना द्यावा.

‘वाटल्यास’ या एका शब्दानें काय घडूं शकतें, तें फ्लोरिडाच्या इतिहासांत दिसतें. तेथें सन १८९३ पासून एकामागून एक गोळ्या झाडणारी रायफल बाळगण्यास कौंटीच्या कमिशनरांचा परवाना लागे. सन १९०१ मध्यें पिस्तुलांची भर पडली. सन १९४१ मध्यें राज्याच्या सर्वोच्च न्यायालयांतील न्यायमूर्ति बफर्ड यांनीं आपल्या निकालपत्रांत स्पष्ट लिहिलें कीं, हा कायदा कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठीं झाला होता, आणि गोऱ्यांना तो लागू करण्याचा हेतु कधींच नव्हता. कायद्याच्या अक्षरांत वर्णाचा उल्लेख नव्हता. तो परवाना देणाऱ्याच्या मनांत होता.

ता. ३० जानेवारी १९५६ रोजीं अलाबामांतील माँटगोमेरी येथें मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला. घरांत पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्यानंतर किंग यांनीं शेरीफच्या कचेरींत पिस्तुलाच्या परवान्यासाठीं अर्ज केला. तो नाकारला गेला. शेरीफनें ओळखीच्या माणसाची पारख करावी, ही कल्पना वाईट नव्हे. पण ज्याच्या घरावर बाँब पडला त्याचें कारण जेथें योग्य ठरलें नाहीं, तेथें त्या पारखीची किंमत काय, हें निराळें सांगावयास नको. आपल्या चळवळीचा पाया अहिंसा, असें ठरवून किंग यांनीं पुढें घरांत शस्त्र ठेवणेंच सोडून दिलें, ही गोष्ट वेगळी.

फ्लोरिडानें सन १९८७ मध्यें कौंट्यांकडून हें काम काढून घेतलें आणि साऱ्या राज्याला एकच परवाना ठरविला. अटी पुऱ्या करणाऱ्यास तो नाकारतां येईना. पुष्कळ राज्यें त्या वाटेनें गेलीं. कॅलिफोर्नियांत मात्र ५८ कौंट्या आणि तितक्याच तऱ्हा राहिल्या. डोंगराळ, विरळ वस्तीच्या कौंटींत शेरीफ सहज परवाना देई. सॅन फ्रॅन्सिस्कोंत तो मिळणें जवळजवळ अशक्य. तेथें नोकरीसाठीं खेड्यांतून शहरांत येणाऱ्या परवानेदाराला त्या ९० दिवसांचा अर्थ पुरता कळत असे. ता. २३ जून २०२२ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें न्यूयॉर्कची ‘योग्य कारण’ दाखविण्याची अट घटनाबाह्य ठरविली. तिच्याबरोबर कॅलिफोर्नियाचीही गेली. आज निम्म्याहून अधिक राज्यांत सामान्य नागरिकाला परवाना लागतच नाहीं. व्हरमाँट राज्यानें तर तो कधींच मागितला नव्हता.

कॅलिफोर्नियांत बिऱ्हाड हलविणाऱ्याला मात्र कचेरी चुकलेली नाहीं. सामानाच्या पेट्या सोडवून होतात न होतात तोंच तो जुन्या अधिकाऱ्याला पत्र लिहितो आणि नव्या कौंटीच्या शेरीफकडे पुन्हा अर्ज करतो. बोटांचे ठसे, पूर्ववृत्ताची चौकशी, नेमबाजीची परीक्षा हें सारें त्याला द्यावें लागतें. त्याला ओळखणारें कोणीही त्या गांवांत नसतें, आणि त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं नांवें तो अद्याप शिकत असतो.