तिच्या हातातल्या दोन काठ्या

माझ्या रियाजाच्या खोलीत १९४७ सालचा एक फोटो लावला आहे. न्यूयॉर्कमध्ये विल्यम गॉटलिब यांनी टिपलेला. लॅटिन जॅझ ताफ्याचा म्होरक्या मचितो माराकास, म्हणजे खुळखुळे, वाजवतोय आणि शेजारी उभ्या असलेल्या गायिका ग्रासिएलाच्या हातात आहेत क्लावे, म्हणजे लाकडाच्या आखूड, गोल अशा दोन काठ्या. लॅटिन जॅझचा इतिहास सांगताना ट्रम्पेटवाल्यांची आणि कोंगावाल्यांची नावं भरभरून येतात, गायिका मात्र एका ओळीत आटोपते. मला तबला शिकवताना इतकी वर्षं झाली, पण हा फोटो पाहिला की वाटतं, त्या ताफ्याचा ताल हिच्या हातात होता, हे कुणीतरी नीट सांगायला हवं.

ग्रासिएला पेरेस १९१५ साली क्यूबातल्या हवानात जन्मली. मचितोच्या घरातच वाढली, म्हणून तो मानलेला भाऊ. तिची पहिली मोठी शाळा म्हणजे अनाकाओना हा बायकांचा वाद्यवृंद. हुकूमशहा माचादोच्या राजवटीत विद्यापीठ बंद पडलं, तेव्हा दंतवैद्यकी शिकणाऱ्या कोन्सेप्सिओन कास्त्रोने १९३२ मध्ये बहिणींना जमवून तो उभा केला. बायकांनी ट्रम्पेट फुंकायचा, बोंगो वाजवायचे, हेच तेव्हा नवल होतं. त्यांच्याबरोबर गात ग्रासिएला न्यूयॉर्क आणि पॅरिसपर्यंत पोचली.

१९४३ मध्ये मचितोला अमेरिकी सैन्यात भरती व्हावं लागलं. त्याचा मेहुणा मारिओ बाउसा ताफ्याचा संगीत दिग्दर्शक होता. त्याने मचितोच्या जागी गायला हवानाहून ग्रासिएलाला न्यूयॉर्कला बोलावून घेतलं. पायाला दुखापत होऊन मचितो लवकरच परतला, पण तिला कुणी परत पाठवलं नाही. बदली म्हणून आलेली ही बाई तीस वर्षांहून जास्त काळ तिथे गायली. बाउसाने ‘तांगा’ ही धून रचली तीही १९४३ मध्येच. जॅझची सुरावट आणि क्यूबाचा ताल तिथे एका अंगात आले.

क्लावेवर वाजणारा हा ताल मी विद्यार्थ्यांना तीनतालावर दाखवतो. सोळा मात्रा मोजायच्या आणि पहिली, चौथी, सातवी, अकरावी, तेरावी एवढ्याच वाजवायच्या. आधी तीन ठोके, मग दोन. आपल्या टाळ्यांशी फक्त सम आणि तेरावी जुळते. बाकीचे ठोके मधल्या जागा शोधतात. काठी मुठीत आवळायची नाही. तळहाताची ओंजळ करून तिच्यावर अलगद टेकवायची. खाली पोकळी राहिली तरच ठोका खणखणीत उठतो. एवढं सांभाळून वर गायचं, तेही अख्ख्या ताफ्याच्या पुढ्यात. संथ बोलेरो गावा आणि पाठोपाठ खट्याळ ‘सी सी नो नो’.

हा ताफा न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे आणि त्रेपन्नाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पॅलेडियम नृत्यगृहात वाजवायचा. तिथे क्यूबन, पोर्तोरिकन, कृष्णवर्णीय, ज्यू, इटालियन असे सगळे एकाच जमिनीवर नाचत. बाहेरच्या शहराला जे साधत नव्हतं, ते तिथे याच पाच ठोक्यांवर घडत होतं.

पुढे बाउसाने वेगळा ताफा काढला, ती त्याच्याकडे गायली. नव्वदीच्या उंबरठ्यावर कोंगावादक कान्दिदो कामेरोबरोबर तिने ‘इनोल्विदाब्ले’ हा अल्बम केला. २०१० मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये ती गेली.

नवीन मूल वर्गात आलं की डग्ग्याला हात लावण्याआधी मी त्याला त्या फोटोपुढे उभं करतो आणि टाळीने पाच ठोके वाजवायला सांगतो. चौथ्या मात्रेवर बहुतेक जण चुकतात. मग मी तिच्या ओंजळीकडे बोट दाखवतो.