किशोरवयातील अश्रूंचे प्रौढ वाचन : ‘श्यामची आई’ आणि १९३३ चे समाजवास्तव

प्रस्तावना

किशोरवयात वाचलेली पुस्तके माणूस सहसा पुन्हा उघडत नाही. त्यांच्याविषयी मनात एक कृतज्ञता असते आणि थोडा संकोचही असतो. ज्या प्रसंगांनी त्या वयात डोळे पाणावले, ते प्रसंग आता भाबडे वाटतील अशी धास्ती असते. भावनेला पूर येऊ देणारे, दुःखाचे प्रसंग एकामागून एक रचणारे आणि शेवटी मृत्यूपाशी वाचकाला नेऊन सोडणारे साहित्य प्रौढ रसिकतेला अतिनाट्यात्मक वाटते. मराठीत अशा वाचनाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी होय. गेल्या नऊ दशकांत मराठी घरांतील कित्येक पिढ्या हे पुस्तक वाचून रडल्या, आणि पुढे त्यांतील बऱ्याच वाचकांनी त्याला ‘रडवे’ ठरवून बाजूला ठेवले.

प्रस्तुत लेखकास हे पुस्तक सातवीत असताना शाळेतून बक्षीस मिळाले. सुमारे चाळीस वर्षांनंतर, इतिहासाच्या वर्गात साहित्यकृतीचा साधन म्हणून उपयोग कसा करावा हे शिकवण्याच्या निमित्ताने, तीच प्रत पुन्हा हाती घेतली. आईच्या शेवटच्या आजाराची पाने हाताळून मऊ पडली होती. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ या प्रकरणाची पाने मात्र जवळजवळ कोरी करकरीत होती. त्याच वर्षी आमच्या घरी सोसायटीच्या थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी माणूस येत असे आणि वडील मागील दाराने शेतात निघून जात. तरीही त्या मुलाला पुस्तकातील कर्ज दिसले नाही, मृत्यू तेवढा दिसला. असे का झाले असावे, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे. किशोरवयातील अश्रू पुस्तकातील इतिहास झाकतात की जपून ठेवतात, याचा शोध येथे घेतला आहे.

लेखनाचा काळ आणि स्थळ

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. १९२४ पासून ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील वसतिगृहाचे काम पाहत. १९३० साली नोकरी सोडून ते कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. पुढील कारावासात, १९३२ मध्ये धुळे येथे, विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच लिहून घेतली. ‘श्यामची आई’चे लेखन नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत झाले आणि १९३५ साली ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. आश्रमात सायंप्रार्थनेनंतर श्याम आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची रचना असून प्रकरणांना ‘रात्री’ म्हटले आहे. छापील पुस्तकात अशा ४२ रात्री आहेत.

या रचनेतच पुस्तकातील अश्रूंचे एक स्पष्टीकरण मिळते. लेखक वसतिगृहातील मुलांचा शिक्षक होता, आणि घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला आईची आठवण काय करते हे त्याने जवळून पाहिले होते. स्वतः त्याची आई १९१७ साली निवर्तली तेव्हा तोही शिक्षणासाठी घरापासून दूर होता. म्हणजे येथील भावविवशतेमागे एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांशी, त्यांना कळेल अशा भाषेत, साधलेला संवाद आहे. ज्या दशकात ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा फडके-खांडेकर वाद मराठी साहित्यविश्वात रंगला होता, त्या दशकात हे पुस्तक त्या वादाच्या बाहेरच उभे होते. त्याचा वाचक साहित्याचा रसिक नव्हता, तो आश्रमातला आणि शाळेतला मुलगा होता.

कर्ज : न वाचलेले प्रकरण

प्रौढ वाचनात सर्वप्रथम जाणवते ती या कथेची आर्थिक चौकट. श्यामचे घराणे खोताचे. कोकणातील खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला मध्यस्थ होय. गावाचा सारा गोळा करून भरण्याची जबाबदारी त्याच्याकडे असे, आणि त्या अधिकाराबरोबर प्रतिष्ठा व उत्पन्नही येई. कथेत या घराण्याची घसरण टप्प्याटप्प्याने होते. भाऊबंदकी येते, कर्ज वाढते, दागिने जातात, सावकाराचा माणूस दारात येऊन घरातील स्त्रीला टाकून बोलतो आणि अखेर घरावर जप्तीची दवंडी फिरते. प्रकरणांची शीर्षकेच हा क्रम सांगतात. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, ‘तेल आहे, तर मीठ नाही!’, ‘अब्रूचे धिंडवडे’ आणि त्यानंतर ‘आईचा शेवटचा आजार’. आईचा मृत्यू ही आकस्मिक आपत्ती नाही. तो एका आर्थिक प्रक्रियेचा शेवट आहे.

किशोर वाचकाच्या लक्षात हा क्रम येत नाही, याचे कारण कथा आईच्या सहनशीलतेच्या अंगाने सांगितली आहे. आई सोसते, म्हणून आपण रडतो. ती का सोसते, हे विचारण्याचे त्या वयात सुचत नाही. ‘अळणी भाजी’ हे प्रकरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, मुलेही तसेच करतात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला चूक कळते. बालवयात या प्रसंगातून वडिलांचे मन किती मोठे हे शिकलो. आता लक्षात येते की, चूक कळायला वेळ लागला कारण घरातील स्त्री सर्वांत शेवटी जेवत होती. लेखकाने ही गोष्ट लपविलेली नाही, ती त्याला नोंदवण्याइतकी विशेषही वाटलेली नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला अशीच नोंद अधिक विश्वसनीय वाटते, कारण ती करताना लेखकाला काही सिद्ध करावयाचे नव्हते.

खोताच्या घराची ही शोकांतिका वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हे लेखन झाले त्याच वर्षी, १९३३ मध्ये, कुलाबा जिल्ह्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप सुरू केला. तो १९३९ पर्यंत चालला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती कायद्याने संपली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या अधिनियमाने. ज्या घराची अब्रू जाताना पाहून आपण रडलो, ते घर एका व्यवस्थेत कुळांच्या वर उभे होते. कुळांच्या घरातील आई या पुस्तकाच्या केंद्रस्थानी येत नाही. यामुळे श्यामच्या आईचे दुःख खोटे ठरत नाही. खोत सावकाराच्या आणि कूळ खोताच्या दाबाखाली होते, हे संपूर्ण चित्र मात्र एकट्या या पुस्तकातून मिळत नाही, ते बाहेरून जोडून घ्यावे लागते.

‘देवाला सारी प्रिय’ आणि फेब्रुवारी १९३३

पुनर्वाचनात सर्वांत अस्वस्थ करणारे प्रकरण ‘देवाला सारी प्रिय’ हे आहे. महार समाजातील एका म्हातारीच्या डोक्यावरची लाकडाची मोळी खाली पडते. तिला हात द्यायला कोणी पुढे येत नाही. आई श्यामला मदत करायला सांगते, आणि घरी येऊन आंघोळ करावयासही सांगते. बालपणी या प्रसंगातील पहिली सूचना तेवढी लक्षात राहिली होती. दुसरी सूचना चाळीस वर्षांनी, वर्गात, दृष्टीस पडली.

येथे तारखांचे साहाय्य घ्यावे लागते. नाशिकच्या तुरुंगात हे लेखन चालू असताना, त्याच नाशिक शहरात २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला काळाराम मंदिर प्रवेशाचा लढा अजून निकाली निघालेला नव्हता. पुणे करार होऊन पाच महिनेही झाले नव्हते. त्या पाच दिवसांच्या मध्येच, ११ फेब्रुवारी १९३३ रोजी, गांधीजींच्या ‘हरिजन’ साप्ताहिकाचा पहिला अंक पुण्यातून निघाला. जातिसंस्था नष्ट झाल्याखेरीज अस्पृश्यांची मुक्ती होणार नाही, ही डॉ. आंबेडकरांची भूमिका त्याच अंकात आली. एका बाजूला करुणा आणि दुसऱ्या बाजूला हक्क, असा हा संवाद त्या आठवड्यात जाहीरपणे चालू होता. श्यामची आई या संवादात करुणेच्या बाजूला उभी आहे. तिचे पाऊल तिच्या काळाच्या आणि आळीच्या मानाने धाडसाचे होते, आणि ते अंघोळीच्या दगडापाशी येऊन थांबत होते.

पुस्तक लिहिणारा मात्र तेथे थांबला नाही. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे यासाठी साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे ते १० मे १९४७ या काळात उपोषण केले. मंदिराची दारे उघडली. आईने दिलेल्या शिकवणुकीचा पूर्वार्ध स्वीकारून उत्तरार्ध टाकून देण्यास मुलाला चौदा वर्षे लागली, असे या दोन घटना शेजारी ठेवल्यावर म्हणता येते. आईविषयीची भक्ती आणि आईच्या मर्यादेपलीकडे जाणे या दोन गोष्टी एकाच आयुष्यात नांदू शकतात, हे यातून दिसते.

वर्गात हे प्रकरण वाचून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, त्या म्हातारीच्या मुलाने ही गोष्ट कशी सांगितली असती?” वर्ग शांत झाला. त्या क्षणी प्रस्तुत लेखकापाशी सांगण्यासारखे उत्तर नव्हते. त्या मुलाची नसली, तरी त्या बाजूची गोष्ट मराठीत पुढे लिहिली गेली. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली, शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ १९८१ साली आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली प्रसिद्ध झाले. दवंडी देणे हे महार वतनाबरोबर येणाऱ्या गावकामांपैकी एक होते. श्यामच्या घरी जी दवंडी अब्रू जाण्याची खूण ठरली, ती दवंडी देणे हे दुसऱ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माथी बसलेले काम होते. या पुस्तकांशेजारी ठेवून वाचल्यावर ‘श्यामची आई’ लहान होत नाही. ती एकटी राहत नाही, इतकेच.

अश्रूंचे ऐतिहासिक मोल

आचार्य अत्रे यांनी १९५३ साली या पुस्तकावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट ठरला. २०२३ साली सुजय डहाके यांनी ही कथा पुन्हा पडद्यावर आणली. हा दीर्घ प्रवास पाहता, तिच्यातील भावविवशतेला केवळ दोष म्हणून बाजूला सारणे पुरेसे नाही. सावकारी, खोती आणि विटाळ यांविषयी रूक्ष अहवाल लिहिला गेला असता, तर तो बारा वर्षांच्या मुलाच्या उशाशी पोहोचला नसता. अश्रूंमुळे तो तपशील घराघरांत गेला आणि टिकला. त्याच अश्रूंनी तो तपशील प्रश्नापासून सुरक्षितही ठेवला. दुःखाचे सारे ओझे आईच्या त्यागावर टाकल्यामुळे कर्ज कोणाचे, ते का वाढले आणि विटाळ कोणाचा, हे विचारण्याची गरज वाचकाला उरली नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी मांडता येतात. पहिली, किशोरवयात वाचलेल्या अतिनाट्यात्मक साहित्याचे पुनर्वाचन ही केवळ स्मरणरंजनाची बाब नसून ती इतिहासाभ्यासाची एक पद्धती होऊ शकते, कारण त्यात एकाच वाचकाच्या दोन वाचनांतील अंतर मोजता येते. दुसरी, अशा कृतीची लेखनतिथी आणि तिच्या भोवतीच्या घटना समोर ठेवल्यास तिची सहृदयता आणि तिची मर्यादा एकाच वेळी दिसते. तिसरी, ती वर्गात शिकवताना दलित आत्मकथनांच्या शेजारी ठेवून शिकविणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेखकाने ती जुनी प्रत आता महाविद्यालयाच्या विभागीय ग्रंथालयात ठेवली आहे. कर्जाच्या प्रकरणाची पाने अलीकडे विद्यार्थ्यांच्या हातांनी मळू लागली आहेत. शेवटच्या आजाराचे प्रकरण पुन्हा वाचताना याही वेळी डोळे भरून आले, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. मात्र या वेळी आईबरोबर मागील दाराने शेतात जाणारे वडीलही आठवले.