अडीच हजार मोटारींचा प्रश्न : ब्रिटिश टूरिंग कार अजिंक्यपद स्पर्धेचा १९९४ चा हंगाम

क्रीडा-इतिहासाच्या लेखनात नियमपुस्तिका हे साधन सहसा दुर्लक्षित राहते. विजेत्यांची चरित्रे, विक्रमांच्या याद्या आणि प्रेक्षकांच्या आठवणी यांवरच बहुतेक लेखन उभे असते. मोटार शर्यतींच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. कारण तेथे मैदानात उतरतो तो एकटा चालक नसून त्याचे यंत्रही असते, आणि यंत्र कशाला म्हणावयाचे हे नियमच ठरवितो. ब्रिटनमधील राष्ट्रीय टूरिंग कार अजिंक्यपद स्पर्धेचा १९९४ चा हंगाम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी वाद झाला तो वेगाविषयी नव्हे, तर 'बाजारात विकली जाणारी मोटार' या शब्दांच्या अर्थाविषयी. प्रस्तुत लेखात त्या वादाचा आणि त्याच्या परिणामांचा विचार केला आहे.

टूरिंग कार म्हणजे सामान्य ग्राहक विकत घेतो त्या कुटुंबाच्या मोटारीचे शर्यतीसाठी सिद्ध केलेले रूप. ब्रिटनमध्ये अशा मोटारींची राष्ट्रीय स्पर्धा १९५८ मध्ये सुरू झाली आणि १९८७ पासून ती 'ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप' या नावाने ओळखली जाऊ लागली. लहानमोठ्या इंजिनांचे अनेक वर्ग एकाच शर्यतीत धावत असल्याने सर्वांत पुढे असणारा चालक अजिंक्यपदातही पुढे असेलच, असे पूर्वी नसे. १९९१ पासून केवळ दोन लिटर इंजिनाचा एकच वर्ग ठेवण्यात आला. टर्बो नाही, इंजिनाच्या फेऱ्यांवर मिनिटाला ८,५०० ची मर्यादा, असे हे सुटसुटीत नियम होते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने (फिया) १९९३ मध्ये ते स्वीकारले आणि पुढे ते 'सुपर टूरिंग' या नावाने युरोपात व युरोपाबाहेरही पसरले. राष्ट्रीय नियम आंतरराष्ट्रीय झाला, ही ब्रिटिश संयोजकांच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट होती. मात्र त्यामुळे नियमाचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार त्यांच्या हातून निसटला, हे त्या वेळी फारसे कोणाच्या लक्षात आलेले दिसत नाही.

स्पर्धेची लोकप्रियता तेव्हा वाढत होती. बी.बी.सी.वर शर्यतींचे संक्षिप्त चित्रण दाखविले जाई आणि त्याला मरे वॉकर यांचे समालोचन असे. आपल्या दारातल्या मोटारीसारखीच मोटार दुसरीला धक्का देत वळणावर घुसते, हे दृश्य प्रेक्षकांना आवडे. उत्पादकांना तर ती जाहिरातच होती. १९९४ मध्ये आल्फा रोमिओ, बी.एम.डब्ल्यू., फोर्ड, माझदा, निसान, प्यूजो, रेनॉ, टोयोटा, व्हॉक्सहॉल आणि व्होल्वो अशा दहा उत्पादकांच्या मोटारी मैदानात होत्या.

यांपैकी आल्फा रोमिओची तयारी वेगळ्या प्रकारची होती. शर्यतीच्या मोटारीला रस्त्यावरील मोटारीवर नसलेला भाग लावता येत नसे. परंतु तो भाग किमान २,५०० विक्रीच्या मोटारींबरोबर दिला असल्यास फिया त्याला मान्यता देई. या मान्यतेच्या प्रक्रियेला होमोलोगेशन म्हणतात. आल्फा रोमिओने आपल्या १५५ या मॉडेलची एक खास आवृत्ती काढली. ब्रिटनमध्ये तिचे नाव 'सिल्व्हरस्टोन' असे होते. तिच्या पुढच्या बंपरखालील पट्टी दोन स्थितींत बसविता येई : एक मागे घेतलेली आणि दुसरी पुढे सरकविलेली. मागील पंख अधिक उंच करण्याचे जोडभाग मोटारीला बसविलेले नसत. ते डिकीत ठेवून ग्राहकाच्या हवाली केले जात. ग्राहकाने ते बसविले काय अन् न बसविले काय, कंपनीला त्याचे सोयरसुतक नव्हते. शर्यतीच्या मोटारीवर मात्र पट्टी पुढे सरकविलेली असे आणि पंख उंच असे. धावत्या मोटारीवरून जाणारी हवा अशा भागांमुळे तिला जमिनीकडे दाबते. चाकांची पकड वाढते आणि वळण अधिक वेगाने घेता येते. बाकीचे नऊ उत्पादक इंजिन आणि स्प्रिंगांवर मेहनत घेत असताना इटालियन अभियंत्यांनी नियमातील फट हेरली होती.

फॉर्म्युला वनचा अनुभव असलेला गाब्रिएले तार्क्विनी हा आल्फाचा प्रमुख चालक आणि जांपिएरो सिमोनी त्याचा जोडीदार. हंगामातील पहिल्या पाचही शर्यती तार्क्विनीने जिंकल्या. प्रतिस्पर्धी संघांची कुजबुज पुढे उघड तक्रारीत बदलली. फोर्ड आणि व्हॉक्सहॉल हे संघ तक्रारदारांत आघाडीवर होते. मे महिन्याच्या अखेरीस चेशर परगण्यातील ओल्टन पार्क येथे प्रकरण हातघाईवर आले. पट्टी मागे घेऊन आणि पंख खाली करूनच मोटारी उतरवाव्यात, असे अधिकाऱ्यांनी आल्फाला बजावले. इटालियन संघाने ते मानले नाही आणि तो स्पर्धास्थळ सोडून निघून गेला. अजिंक्यपदाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेला चालक त्या शर्यतींत नव्हता.

या प्रसंगाचे वर्णन बहुधा 'चलाख इटालियन आणि संतप्त इंग्रज' अशा ठोकळेबाज पद्धतीने केले जाते. ते अपुरे आहे. आल्फाच्या बाजूने फियाचा मान्यतेचा कागद होता : भाग ग्राहकाला दिले आहेत, संख्या पुरी आहे, मग आक्षेप कशाला? विरोधकांचे म्हणणे असे की, ग्राहकाच्या हाती पडणारी मोटार त्या रूपात नसतेच. डिकीत पडलेला धातूचा तुकडा हा मोटारीचा भाग कसा? दोन्ही युक्तिवाद नियमाच्या शब्दांत बसत होते. खरा पेच अधिकाराचा होता. मोटारीला मान्यता देणारी संस्था आंतरराष्ट्रीय, शर्यतीवर नियंत्रण ठेवणारी रॉयल ऑटोमोबाइल क्लबची मोटर स्पोर्ट्स असोसिएशन ही राष्ट्रीय, आणि स्पर्धा चालविणारी टोका ही ॲलन गाऊ यांच्या नेतृत्वाखालील व्यापारी कंपनी. टोकाला आल्फाही हवी होती आणि फोर्डही.

निर्णय आला तो तारखेचा. आल्फाने १ जुलैपर्यंत आपले वाढीव भाग वापरावेत, असे ठरले. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय विचित्रच म्हणावा लागेल. जे वैध आहे ते १ जुलैनंतर अवैध का व्हावे, आणि जे अवैध आहे ते तोपर्यंत तरी का चालावे, याचे उत्तर त्यात नव्हते. व्यवहारात मात्र तो उपयोगी ठरला. आल्फा परतली, प्रेक्षक टिकले आणि मधल्या काळात इतर संघांनी स्वतःचे पंख तयार करावयास घेतले. हंगामाच्या उत्तरार्धात चुरस वाढली. तरीही सुरुवातीची आघाडी तार्क्विनीला पुरली. एकूण आठ शर्यती जिंकून त्याने अजिंक्यपद मिळविले. रेनॉ लागुनाचा अलेन मेनू दुसरा आणि फोर्ड माँडेओचा पॉल रॅडिसिच तिसरा आला.

याच हंगामातील व्होल्वोची कथा बहुधा विनोद म्हणून सांगितली जाते. टॉम वॉकिन्शॉ यांच्या टी.डब्ल्यू.आर. संघाने व्होल्वो ८५० ची इस्टेट आवृत्ती, म्हणजे मागे सामानासाठी लांबवर छत नेलेली मोटार, शर्यतीत उतरविली. प्रेक्षकांपुढील एका फेरीत तिच्या मागच्या भागात कोली जातीचा कापडी कुत्राही बसविला होता. रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स हे तिचे चालक अनुक्रमे चौदावे आणि पंधरावे आले. पण इतिहासकाराने या मोटारीकडे हसून पाहून पुढे जाऊ नये. नियमाचा मूळ हेतू दुकानातली मोटार धावती पाहण्याचा असेल, तर त्या वर्षी त्या हेतूशी सर्वाधिक प्रामाणिक राहिलेली मोटार बहुधा हीच होती. पुढच्या वर्षी पंख सर्वांना खुले होताच लांब छताची मोटार निरुपयोगी ठरली आणि व्होल्वोने नेहमीची सलून उतरविली. तिच्यावर रिडेल १९९५ मध्ये तिसरा आला.

१९९५ साठी केलेले दोन बदल एकमेकांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत. मान्यतेसाठी लागणारी किमान संख्या २,५०० वरून २५,००० वर नेण्यात आली; म्हणजे 'सिल्व्हरस्टोन'सारखी खास आवृत्ती काढून पळवाट शोधणे अशक्य झाले. त्याच वेळी ठरावीक मापांच्या आत पुढची पट्टी आणि मागचा पंख सर्वांना लावण्याची मुभा मिळाली, मग तो रस्त्यावरील मोटारीवर असो वा नसो. पहिला बदल शर्यतीच्या मोटारीला बाजाराशी घट्ट बांधणारा, तर दुसरा तीच गाठ सोडणारा. तक्रारदारांचे गाऱ्हाणे दूर झाले, पण तक्रारीचा मूळ मुद्दा सोडून देऊन. आल्फाला तर याचा काहीच लाभ झाला नाही : १९९५ मध्ये तिला एकही शर्यत जिंकता आली नाही आणि त्या हंगामानंतर ती स्पर्धेतून बाहेर पडली. त्या वर्षीचे अजिंक्यपद व्हॉक्सहॉल कॅव्हेलियरच्या जॉन क्लेलंडला मिळाले.

येथून पुढे स्पर्धेचा खर्च सतत चढत गेला. त्याचे सर्व खापर १९९४ च्या तडजोडीवर फोडणे अन्यायाचे होईल. उत्पादकांची आपापसातील चढाओढ आणि दूरचित्रवाणीचे आकर्षण ही कारणेही तितकीच प्रबळ होती. परंतु वायुबोगद्यात तासन्‌तास चाचण्या घेणे ही चैन न राहता गरज झाली, ती या निर्णयानंतर. जे काम पूर्वी मध्यम संघाच्या कार्यशाळेत होत असे, ते आता फॉर्म्युला वनच्या तोलाच्या संघांकडे गेले. १९९५ पासून रेनॉच्या मोटारी विल्यम्स संघ चालवू लागला. व्होल्वोने १९९८ मध्ये रिडेलच्या हातून अजिंक्यपद मिळविले. १९९९ नंतर व्होल्वो, रेनॉ आणि निसान गेले. २००० च्या हंगामात फोर्ड, होंडा आणि व्हॉक्सहॉल एवढे तीनच उत्पादक उरले आणि फोर्ड माँडेओवर मेनूने ते शेवटचे सुपर टूरिंग अजिंक्यपद जिंकले.

२००१ मध्ये खर्च आटोक्यात आणण्यासाठी नवे नियम लागू झाले. त्या वर्षी जेसन प्लेटोने अजिंक्यपद मिळविले ते व्हॉक्सहॉल ॲस्ट्रा कूपेवर. सुपर टूरिंगच्या काळात चार दारांची अट होती. या कूपेला दोनच दारे होती.