दोन गाडीवाटा

दसऱ्याला सोने लुटून झाले, की आमच्या निपाणी-चिकोडी भागाला बैलांच्या घुंगरांची चाहूल लागते. बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, केज, धारूर अशा तालुक्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिमेच्या ऊसपट्ट्याकडे निघतात. त्यांतील काही सीमा ओलांडून आपल्या बेळगाव जिल्ह्यातील कारखान्यांवर येतात. आपल्या घरी चकलीचा सोऱ्या फिरत असतो, तेव्हा त्यांच्या घरी बिऱ्हाड बांधले जात असते. अमेरिकेच्या इतिहासातील ओरेगॉनची गाडीवाट वाचताना मला हटकून हेच बिऱ्हाड आठवते.

1843 साली सुमारे एक हजार माणसे मिसुरी राज्यातील इंडिपेंडन्स गावाजवळून पश्चिमेला निघाली. वाट सुमारे 3,200 किलोमीटरची, मुदत पाच-सहा महिन्यांची. मुहूर्त पंचांगातला नव्हता, गवताचा होता. माळावर चारा उगवण्याआधी निघाले तर जनावरे उपाशी, उशिरा निघाले तर पुढच्या डोंगरात बर्फ. घोड्यापेक्षा बैलाला पसंती होती, कारण तो सावकाश चालला तरी दमदार आणि रानच्या गवतावर भागवणारा. 1845 च्या हेस्टिंग्ज यांच्या मार्गदर्शक पुस्तकात माणशी 200 पौंड पीठ आणि 20 पौंड साखर घ्यावी, असा सल्ला आहे. कापडी छपराच्या गाडीत हौसेने लादलेली जड पेटी किंवा लोखंडी चूल बैल थकले की वाटेतच टाकून द्यावी लागे.

आता आपल्याकडची तयारी पाहा. तिची सुरुवात दाणागोट्याने होत नाही, ती मुकादमाच्या उचलीने होते. पावसाळ्यातच घेतलेली ही आगाऊ रक्कम लेकीचे लग्न, दवाखाना, जुने देणे यांत संपून जाते, आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची असते. मग बाजरी-ज्वारीची पोती, तिखट-मीठ, चार भांडी, वाकळा, ताडपत्री, धार लावलेले कोयते यांची बांधाबांध. बैलांना नाल ठोकायचे. शेळी, कोंबड्या बरोबर घ्यायच्या. कारण घर उघडे ठेवून कोणाच्या भरवशावर सोडणार? म्हातारी माणसे मात्र मागे राहतात. पूर्वी हा सगळा प्रवास गाडीनेच होई. दिवसाला 25-30 किलोमीटर धरले, तर तीनशे किलोमीटरला दहा-बारा दिवस लागणारच. आता पुष्कळदा माणसे आणि बैल दोन्ही ट्रकमधून येतात, आणि ऊस वाहायला टायरची गाडी इथेच मिळते. बिऱ्हाड तेवढे तेच आहे.

ही वाट पडली कशी? बालाघाटच्या डोंगराळ भागात पाऊस कमी, जमीन कोरडवाहू. पश्चिमेला कालवे आणि नद्यांच्या पाण्यावर ऊस वाढला. आपल्या जिल्ह्यातील उगारचा कारखाना 1939 सालचा. 1950-51 च्या हंगामात प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि पुढे महाराष्ट्रात कारखान्यांची रांगच लागली. इकडे संकेश्वरला हिरण्यकेशी, निपाणीला हालसिद्धनाथ उभे राहिले. ऊस वाढला, तसे तोडणारे हात हवे झाले. 1972 च्या दुष्काळाने तर घरेच्या घरे या वाटेला लावली. 1 नोव्हेंबर 1956 ला आपल्या जिल्ह्याची वाटणी होऊन तो म्हैसूर राज्यात गेला. त्या रेषेवरून आपण किती झगडलो! पण उसाला आणि पोटाला ती रेषा कधी दिसली नाही.

दोन्ही वाटांत बैल सारखे, धूळ सारखी. फरक आहे तो वाटेच्या शेवटी. ओरेगॉनला पोचलेल्या गोऱ्या विवाहित जोडप्याला 1850 च्या कायद्याने 640 एकर जमीन मिळाली, आणि त्यातली निम्मी, 320 एकर, बायकोच्या स्वतःच्या नावावर. ती जमीन मुळात तिथल्या आदिवासींची होती, हे पाप विसरून चालणार नाही. पण कायद्याने जोडप्यात दोन माणसे मोजली, हेही खरे. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. ती पहाटे भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, आणि हिशेबात तिचे वेगळे नावच नाही. एखादा दिवस खाडा झाला, तर दंड मात्र लागतो. ओरेगॉनचा प्रवासी एकदाच निघाला आणि जमिनीचा धनी झाला. आमचा प्रवासी दरवर्षी निघतो आणि चैत्र-वैशाखात पुन्हा आपल्या गावच्या उंबऱ्यापाशी, कित्येकदा नव्या उचलीच्या दाराशी, येऊन उभा राहतो.

मी शाळामास्तर, म्हणून माझे लक्ष गाडीतल्या पोरांकडे जाते. एका वर्षी शाळेमागच्या शिवारात कोप्या पडल्या. दहा वर्षांची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन रोज कुंपणापाशी उभी राही आणि आतल्या पाढ्यांच्या सुरात सूर मिळवी. एकोणतिसाच्या पाढ्यात आमची मुले अडखळली, ती अडखळली नाही. मी तिला वर्गात बसवले, भावासकट. पण तिचे नाव गावच्या हजेरीपटावर होते, आमच्या पटावर ते चढवता आले नाही. मार्चमध्ये कोप्या उठल्या आणि तीही गेली. तिला हातात द्यायला माझ्याकडे एक कागदसुद्धा नव्हता. ती बोच अजून आहे.

सीमाभागात मराठी शाळा टिकावी म्हणून आपण दिवाळी अंकांतून पानेच्या पाने लिहितो. पटावर मुले नाहीत म्हणून हळहळतो. आणि त्याच वेळी मराठी बोलणारी, शिकायला आसुसलेली मुले आपल्याच उसाच्या फडात वाढे गोळा करीत असतात. यंदा भाऊबीज झाली, की आपापल्या गावाजवळच्या कोप्यांवर एक फेरी मारा. फराळाचा डबा जरूर न्या, पण रिकाम्या डब्याबरोबर परतताना एखाद्या पोराचे बोट धरून त्याला शाळेपर्यंत आणा. पटावर नाव असो-नसो, बसायला जागा आहे.