स्फेरिडिओट्रेमा ग्लोब्युलस

स्फेरिडिओट्रेमा ग्लोब्युलस हा रानबदके, हंस व इतर पाणपक्ष्यांच्या लहान आतड्यात राहणारा परजीवी पर्णकृमी आहे. कार्ल आस्मुंड रुडॉल्फी यांनी १८१४ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. प्रौढ कृमीची लांबी एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते.

जीवनचक्र

या कृमीला पाणगोगलगाय व पक्षी असे दोन आश्रयी लागतात. बाधित पक्ष्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात पडतात. त्यांतून निघालेली अळी गोगलगायीच्या शरीरात शिरते व तेथे अलैंगिक पद्धतीने तिची संख्या अनेक पटींनी वाढते. यातून तयार झालेल्या शेपटीयुक्त अळ्या पुढे गोगलगायीतच कोष करून राहतात. अशी गोगलगाय पक्ष्याने खाल्ली की कोषातील कृमी आतड्यात मोकळा होतो व काही दिवसांत प्रौढ बनतो.

लक्षणे

कृमी आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त शोषतो. त्यामुळे तेथे व्रण पडतात व रक्तस्राव होतो. पक्षी सुस्त होतो. त्याला उडणे व बुडी मारणे जमत नाही. कृमींची संख्या अल्प असल्यास पक्षी तग धरू शकतो. मात्र घातक प्रमाणात कोष पोटात गेल्यास तो साधारणतः ३ ते ८ दिवसांत मरतो.

मिसिसिपी नदीवरील साथ

बिथिनिया टेंटॅक्युलेटा ही मूळची युरोपातील गोगलगाय एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांत पोहोचली. २००२ मध्ये ती विस्कॉन्सिन राज्यातील ओनालास्का सरोवरात आढळली. हे सरोवर मिसिसिपी नदीवर, पाणपक्ष्यांच्या स्थलांतरमार्गात आहे. तेव्हापासून तेथे व नदीच्या लगतच्या भागांत हजारो पक्षी मृत्युमुखी पडले आहेत. त्यांत गोगलगायी खाणारे लेसर स्कॉप हे बदक आणि अमेरिकन कूट (महाराष्ट्रातील वारकरी पक्ष्याचा जवळचा नातलग) यांचे प्रमाण मोठे आहे. मृत पक्ष्यांच्या अंधनालांत सायथोकोटिली बुशिएन्सिस हा दुसरा पर्णकृमीही आढळतो. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या अभयारण्याचा हा परिसर असल्याने, विश्रांती व अन्नासाठी राखलेली जागाच पक्ष्यांना बाधक ठरते.

नियंत्रण

वन्य पक्ष्यांना औषध देणे व्यवहार्य नसते. ही गोगलगाय झाकणाने आपले शंख बंद करून घेते. त्यामुळे रसायनांनी किंवा पाणी आटवून तिचा नायनाट करणे कठीण जाते. म्हणून होड्या, जाळी व इतर साधने दुसऱ्या जलाशयात नेण्यापूर्वी त्यांवरील पाणवनस्पती व चिखल काढून ती धुऊन वाळवणे, हा प्रसार रोखण्याचा मुख्य उपाय आहे.