रंगून, डिसेंबर 1954

पहाटेचे चार अजून वाजायचे आहेत. लाकडावर टोले पडतात आणि मच्छरदाणीच्या आत तुमचे डोळे उघडतात. पावसाळा सरून बरेच दिवस झालेत, हवेत पांघरूण ओढून घ्यावं एवढा गारवा आहे. तुम्ही रंगूनच्या शासन येइक्था या ध्यानकेंद्रात आहात. बर्मी भाषा तुम्हाला येत नाही, पण एवढी वर्षं ओलांडून आलेल्या माणसाला तेवढी सवलत द्यायला हरकत नाही. सगळं कळतंय असं धरून चाला.

इथे येणाऱ्या प्रत्येकाला ‘योगी’ म्हणतात. कचेरीतला कारकून योगी, तांदळाचा व्यापारी योगी, नातवंडं सुनेवर सोपवून आलेली आजीही योगी. सगळ्यांनी आठ शीलं घेतली आहेत. दुपारी बारानंतर जेवण नाही, आपसात गप्पा नाहीत, वाचायला पुस्तक नाही. झोप चारेक तासांची. उरलेला वेळ बसणं आणि चालणं, चालणं आणि बसणं.

काल संध्याकाळी पहिला धडा मिळाला, तेव्हा तुमची जरा निराशाच झाली. इथले ध्यानगुरू महासी सयाडो (सयाडो म्हणजे गुरुस्थानी असलेला भिक्खू) यांच्या समोर बसायला मिळेल म्हणून तुम्ही आला होता. समोर होता एक टेपरेकॉर्डर. नवे योगी सतत येत राहतात आणि प्रत्येक तुकडीला तेच दीड-दोन तास समजावून सांगताना सयाडोंचा घसा बसायची वेळ आली. म्हणून 27 जुलै 1951 रोजी पंधरा जणांपुढे दिलेलं प्रवचन ध्वनिमुद्रित करून ठेवलं. तेव्हापासून तीच फीत लावतात. सयाडो स्वतः सध्या काबा आये टेकडीजवळच्या महापाषाण गुहेत असतात. मे महिन्यात सहावी संगीती सुरू झाली आहे, अडीच हजार भिक्खू त्रिपिटकाचा पाठ तपासत आहेत. तिथे प्रश्न विचारण्याचं काम महासींचं आणि उत्तरं देण्याचं काम त्रिपिटक तोंडपाठ असलेल्या मिंगुन सयाडोंचं.

फितीतला आवाज सपाट आहे, आर्जव नाही की आवेश नाही. पोटावर लक्ष ठेवा. श्वास घेताना पोट फुगेल, तेव्हा मनात म्हणा, फुगतं. सोडताना खाली जाईल, तेव्हा म्हणा, ओसरतं. श्वास मुद्दाम लांबवू नका, जोराने घेऊ नका. हालचाल नीट कळत नसेल तर तळहात पोटावर ठेवा. शब्द ओठांवर आणायचा नाही. कोणता शब्द वापरता याला महत्त्व नाही, हालचाल चालू असताना ती कळली पाहिजे.

एवढंच? तुमच्या मनात आलं. फितीत त्याचंही उत्तर होतं: मनात काही आलं तर त्याचीही नोंद घ्या.

आता ध्यानकक्षात बसा. फुगतं. ओसरतं. फुगतं. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला तुम्ही पुण्यात पोचलेले असता, गॅस बंद केला होता का, बिल भरलं होतं का. भानावर येता तेव्हा लगेच स्वतःला दटावायची सवय आहे. ती इथे चालत नाही. मन भटकलं, नोंद करा: भटकणं, भटकणं. दटावलंत? चिडणं, चिडणं. मग परत पोटावर. शाळेच्या हजेरीत मुलगा गुणी की द्वाड हे मास्तर लिहीत नाहीत. आला की नाही एवढंच लिहितात. तसंच हे.

मग डाव्या गालावर खाज सुटते.

घरी तुम्ही ती कधी खाजवली हे तुम्हाला कळलंही नसतं. इथे नोंद: खाजणं, खाजणं. ती वाढते, पसरते, डोळ्यात पाणी आणते. सहन होत नसेल तर खाजवायला मनाई नाही, पण मधली एकही पायरी चुकवायची नाही. खाजवावंसं वाटणं, याची नोंद. हात उचलणं. नेणं. टेकणं. खाजवणं. बरं वाटणं. हात मागे घेणं. आणि गंमत अशी की बहुतेक वेळा तुम्ही ‘खाजवावंसं वाटतं, वाटतं’ करत असतानाच खाज निघून जाते. निघून गेली, याचा आनंद होतो. त्या आनंदाचीही नोंद घ्यायची असते आणि ती हमखास राहून जाते. दुखणं टिपायला माणूस तयार असतो, सुख मात्र तो बिननोंदीचं खिशात घालतो.

या पद्धतीने मन शांत होतं असं सांगत फिरणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. निदान सुरुवातीला तरी ही मजुरी आहे.

बसून झालं की चालणं. आधी साधंच: डावा, उजवा. मग पावलाचे तुकडे होतात: उचलणं, पुढे नेणं, टेकवणं. पुढे त्याचेही सहा होतील, टाच उचलण्यापासून जमीन दाबण्यापर्यंत. ओसरीवर वीस-पंचवीस माणसं आजारातून उठल्यासारखी सरकत असतात. जेवतानाही तेच. बघणं, घास करणं, तोंडाशी आणणं, तोंड उघडणं, चावणं, चव कळणं. भात गार होऊन जातो.

ही रीत सयाडोंनी स्वतः थाटोनला जेतवन सयाडोंकडून घेतली. 1938 मध्ये श्वेबोजवळच्या आपल्या सेइक्खुन गावी आधी नातलगांना शिकवली. दुसऱ्या महायुद्धात श्वेबोवर बॉम्ब पडत असताना या रीतीवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. गावच्या मठात एक मोठा ढोल होता, त्यावरून ‘महासी’ हे नाव पडलं. 1949 मध्ये पंतप्रधान ऊ नू आणि सर ऊ थ्विन यांनी त्यांना रंगूनला आणलं.

दुपारी मुलाखत. तीनदा वाकून तुम्ही सहायक सयाडोंसमोर बसता. तंत्र खरं शिकवलं जातं ते इथे. फीत काय, कुणीही लावू शकतं.

“आज मन बरंच शांत होतं,” तुम्ही सांगता.

“ते राहू द्या. पोट फुगलं तेव्हा काय कळलं?”

“फुगलं हे कळलं.”

“सुरुवातीला कळलं, मध्ये, की संपताना? ताण होता की हालचाल? आणि ‘फुगतं’ ही नोंद फुगण्याबरोबर झाली की मागून?”

तुम्ही गप्प. मग वेळ मारून न्यायला म्हणता की सगळं अनित्य आहे असं जाणवलं. सयाडोंच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. पुस्तकातली वाक्यं त्यांना रोज ऐकावी लागतात. त्यांना हवं असतं तीन गोष्टींचं उत्तर: काय घडलं, त्याची नोंद कशी घेतली, नोंद घेतल्यावर त्याचं काय झालं. पुढे काय दिसायला हवं हे ते सांगत नाहीत. ग्रंथात ज्ञानाच्या पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत, नामरूपाचा म्हणजे मन आणि शरीर यांचा भेद, मग उदयव्यय म्हणजे उपजणं आणि मावळणं, मग भंग म्हणजे नुसतं विरणं. योग्याला त्या आधी कळल्या तर तो नेमकं तेच पाहून येईल. म्हणून सयाडो वाट बघतात. एके दिवशी तुम्हीच बोलून जाल की फुगणं एक आहे आणि ते कळणं दुसरं, तेव्हाही ते एवढंच म्हणतील, “चालू ठेवा.”

महाराष्ट्रात विपश्यना म्हटलं की इगतपुरी आठवते. ती वाट याच शहरातून गेली, पण दुसऱ्या दारातून. बर्माचे महालेखापाल ऊ बा खिन शहरातच आपल्या केंद्रात अंगभरच्या संवेदना पाहायला शिकवतात, शब्दांनी नोंदी करायला लावत नाहीत. मंडालेत जन्मलेले, डोकेदुखीने हैराण झालेले सत्यनारायण गोयंका पुढच्या वर्षी त्यांच्याकडे जातील आणि पुढे तीच वाट इगतपुरीला नेतील. दोन दारांमध्ये भांडण नाही. भांडण सिलोनात होणार आहे. 1955 मध्ये महासींचे शिष्य तिथे गेले की कोलंबोतले विद्वान भिक्खू विचारतील, बुद्धाने पोटाकडे पाहायला कुठे सांगितलंय? महासींकडचं उत्तर सरळ आहे: पोटाची हालचाल म्हणजे वायुधातू, आणि धातूंकडे पाहणं सतिपट्ठान सुत्तात आहेच. मला हे उत्तर पटतं, पण टीका करणारे अडाणी नव्हते हेही खरं.

दुसऱ्या दिवशी भोजनदानाला आलेल्या कुटुंबातले दोघं ओसरीच्या कडेला बोलत उभे असतात. शहरात जागतिक बौद्ध परिषद भरली आहे. हिंदुस्थानातून डॉक्टर आंबेडकर आले आहेत.

नोंद बिंद सगळी सुटते. या आवारात पुढचं माहीत असलेले तुम्ही एकटेच. रंगूनहून नेलेली बुद्धमूर्ती याच महिन्याच्या 25 तारखेला देहूरोडला बसेल. भारतात धम्म कसा रुजवावा याचं निवेदन बाबासाहेबांनी इथल्या बुद्ध शासन कौन्सिलला याच वर्षी दिलं आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा. त्यानंतर त्यांच्या आयुष्याचे दोन महिनेही उरलेले नाहीत. नुसतं लांबून पाहता आलं तरी? ऐकणं, ऐकणं. आठवणं. जावंसं वाटणं. वाटणं. वाटणं. छातीत धडधडणं.

मुलाखतीत तुम्ही आधी तेच सांगता. “भंते, मला शहरात जायचंय.”

“जा की. फाटकाला कुलूप नाही. जावंसं वाटलं त्याची नोंद घेतलीत?”

“घेतली. बऱ्याचदा.”

“मग त्या वाटण्याचं काय झालं? वाढलं, कमी झालं?”

तुम्ही आठवून पाहता. “सलग नव्हतं. मधे मधे नसायचं, मग परत यायचं.”

“नसायचं तेव्हा काय असायचं?”

“पोट फुगत असायचं.”

“बरं.” ते पहिल्यांदाच तुमच्याकडे नीट पाहतात. “आता फाटकापर्यंत चालत जा. उचलणं, नेणं, टेकवणं, एकही सुटू द्यायचं नाही. तिथे पोचल्यावरही जायचं असेल तर जा. उद्या आलात तर काय झालं ते सांगा.”

त्या चालीने फाटक गाठायला अर्धा तास तरी लागेल. तुम्ही नमस्काराला वाकता. वाकणं. टेकणं. उठावंसं वाटणं. उठणं.